हीथक्लिफचा रंग आणि हीथक्लिफचा गुन्हा

एमिली ब्राँटेची ‘वुदरिंग हाइट्स’ ही कादंबरी १८४७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावर अजून सिनेमे निघतात, आणि जाहिरात ठरलेली असते : अजरामर प्रेमकथा! माझा आक्षेप इथूनच सुरू होतो. कादंबरीत प्रेम आहेच. पण ही गोष्ट एका अनाथ पोराच्या अपमानाची आहे, आणि त्याने तो कसा वसूल केला याची आहे.

आधी रंगाचे बोलू. हीथक्लिफ लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलेला, काळासावळा, कुणाला न कळणारी भाषा बोलणारा मुलगा. शेजारचे श्रीमंत लिंटन त्याला पाहून तर्क करतात की हा लास्कर असेल, नाहीतर अमेरिकन वा स्पॅनिश पोर. लास्कर म्हणजे इंग्रजांच्या जहाजांवरचा आशियाई खलाशी. कोकणातल्या कितीतरी मुस्लीम घरांतले पुरुष पुढे आगबोटींवर हेच काम करत आले. ब्राँटेने त्याचे मूळ कुठेच उघड केले नाही, पण घरातल्यांच्या नजरेत तो ‘आपल्यातला’ नव्हता, हे पानोपानी दिसते. तरी पडद्यावर १९३९ मध्ये लॉरेन्स ऑलिव्हिए, १९९२ मध्ये राल्फ फाइन्स आणि २०२६ मध्ये जेकब एलॉर्डी! अँड्रिया अर्नोल्ड यांनी २०११ मध्ये जेम्स हाउसन या कृष्णवर्णीय नटाला घेतले, हा अपवाद.

पण नट बदलला की कादंबरीला न्याय मिळाला, असे मी मानत नाही. हिंडली हीथक्लिफची शिकवणी बंद करून त्याला गडी बनवतो. हीथक्लिफ पैसा घेऊन परततो, जुगारी हिंडलीची मालमत्ता गहाणात घशात घालतो आणि त्याच्या मुलाला, हेअरटनला, तसाच अडाणी गडी म्हणून वाढवतो. ज्याच्यावर जुलूम झाला, तोच जुलमाची हुबेहूब नक्कल करतो. १९३९ आणि २०११ च्या सिनेमांनी या पुढच्या पिढीची कथाच गाळली. १९९२ च्या सिनेमाने ती ठेवली, हे मान्य करायला हवे. ती गाळली की हीथक्लिफ फक्त दुखावलेला प्रियकर उरतो आणि त्याचा गुन्हा प्रेमाच्या नावावर माफ होतो.

मला हे का खुपते? भाड्याने घर शोधताना नाव सांगितल्यावर समोरच्याचा बदललेला चेहरा मी पाहिला आहे. तुमच्यापैकीही अनेकांनी पाहिला असेल. त्या क्षणी हीथक्लिफ फार जवळचा वाटतो. म्हणूनच त्याचे पुढे काय झाले, हे आपल्याला कळले पाहिजे. त्याने सारे मिळवले, पण त्याला त्यातले काहीच भोगता आले नाही.

कादंबरीच्या शेवटी कॅथरीनची मुलगी, जी आधी हेअरटनच्या अडाणीपणाला हसत होती, त्याला वाचायला शिकवते. एका पिढीने हिसकावलेले पुस्तक दुसऱ्या पिढीच्या हातात परत येते. सिनेमावाल्यांना त्यात नाट्य दिसत नसेल, पण आपल्या मुलांना दाखवण्यासारखे दृश्य तेच आहे. सिनेमा जरूर पाहा. नंतर कादंबरी मात्र शेवटपर्यंत वाचा.