बोटाचा खळगा काय सांगतो?



आईने भिजवलेल्या कणकेच्या गोळ्यात तुम्ही बोट खुपसून पाहिलं असेलच. बोट काढलं तरी खळगा राहतो, हो ना? आता अंगठा आपल्या नडगीवर दाबा, मनात दहापर्यंत आकडे मोजा आणि उचला. कातडी लगेच वर आली? छान! कणकेसारखा खळगा राहिला, तर मात्र कातडीखाली पाणी साचलं आहे असं समजायचं.

हे मी एका विद्यार्थ्यामुळे शिकले. चौथीतला हा मुलगा रोज सकाळी सुजलेले डोळे घेऊन शाळेत यायचा. दुपारपर्यंत सूज उतरायची. मुलं त्याला ‘झोपाळू’ म्हणायची. मीसुद्धा एकदा म्हणाले, “रात्री उशिरापर्यंत टीव्ही बघतोस वाटतं!” तो बिचारा गप्प बसला. पुढे त्याच्या पायांत चप्पल जाईना, तेव्हा त्याच्या आजीने नडगी दाबून पाहिली. खळगा तसाच राहिला! डॉक्टरांनी लघवी तपासली. दोष झोपेचा नव्हता, मूत्रपिंडाचा होता.

असं का होतं? आपल्या रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रथिन असतं. ते पाण्याला रक्तवाहिन्यांत धरून ठेवतं. मूत्रपिंडाची गाळणी बिघडली की हे प्रथिन लघवीवाटे निघून जातं. मग लघवीला खूप फेस येतो आणि पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतं. रात्रभर आडवे असलो की ते डोळ्यांभोवती साचतं आणि दिवसा खाली पायांत उतरतं. वजनही वाढतं, पण ते बाळसं नव्हे!

घरातल्या मोठ्यांकडेही लक्ष ठेवा. आजोबांचे पाय संध्याकाळी सुजतात, थोडं चाललं तरी दम लागतो, रात्री उशाला दोन-तीन उश्या लागतात? मग हृदय थकलेलं असू शकतं. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, किंवा सुजेबरोबर श्वास लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

पण उगीच घाबरू नका हं! एसटीच्या लांबच्या प्रवासातही पाय सुजतात आणि रात्रीच्या विश्रांतीने उतरतात. सूज दोन-तीन दिवस टिकली किंवा पुन्हा पुन्हा आली, तर डॉक्टरांना दाखवा. नुसतं तेल चोळत बसू नका. मनाने गोळ्या घेऊ नका, पाणीही बंद करू नका.

त्या मुलाला औषधांनी गुण आला. हा आजार उलटू शकतो, म्हणून त्याची तपासणी चालू राहिली. तो वर्गात परतला, तेव्हा मी सगळ्यांसमोर त्याला म्हटलं, “बाळ, माझं चुकलं.” तो नुसता हसला.

उद्या तुमच्या वर्गात कुणी सुजलेल्या डोळ्यांनी आलं, तर त्याला चिडवू नका. जवळ जाऊन विचारा आणि तुमच्या बाईंना सांगा. बाईंच्याही नजरेतून कधीकधी सुटतं!

तुमच्या,
बाई