दोन रूळ, दोन भाषा

घरचे अधूनमधून विचारतात, "अरे, प्रोग्राम एकाच भाषेत लिहून टाकायला काय होतं?" प्रश्न रास्त आहे. आणि पाचोऱ्याच्या माणसाला त्याचं उत्तर देणं सोपं आहे, कारण त्याने पीजे पाहिलेली आहे.

भुसावळकडे जाणाऱ्या मोठ्या लाइनच्या दोन रुळांत १६७६ मिलिमीटर अंतर, तर पाचोरा-जामनेर गाडीच्या रुळांत फक्त ७६२. पीजे २०२० च्या टाळेबंदीत थांबली, पण तोवर दोन्ही गाड्या आपापल्या रुळांवर बिनतक्रार धावायच्या. अडचण पाचोरा स्टेशनात! माणसांनी उतरून गाडी बदलायची, माल असेल तर एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरायचा. फुटणार, सांडणार ते तिथेच.

सॉफ्टवेअरचंही तेच. पायथॉन लिहायला सोपी, पण अवजड आकडेमोडीत धिमी. सी वेगवान, पण लिहायला किचकट. म्हणून नमपायसारख्या लायब्ररीत वरून पायथॉन दिसते आणि आतली मेहनत बरीचशी सी करते. यात चूक काहीच नाही, शहाणपणच आहे.

माझी तक्रार टेस्टिंगबद्दल आहे. पायथॉनवाले आपला भाग तपासतात, सीवाले आपला. दोघांकडे सगळं पास. मधला प्लॅटफॉर्म मात्र कुणाचाच नाही.

'पाचोरा' हाच शब्द घ्या. आपण मोजली तर अक्षरं तीन. पायथॉनची लांबी सहा येते, कारण ती काना-मात्रा वेगळे धरते. सीचं स्ट्रलेन सांगतं अठरा, कारण ते बाइट मोजतं आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. तिघेही बरोबर! आता सीच्या बाजूला कुणी 'दहा अक्षरं पुरेत' म्हणून दहा बाइटांची जागा ठेवली, तर पाचोऱ्याचं 'पाच' उरतं आणि पुढे एक अर्धवट बाइट. तो बाइट पायथॉनकडे परत गेला, की ती एरर देऊन मोकळी. इंग्रजीतलं पाचोरा मात्र सात बाइटांत आरामात बसतं, त्यामुळे टेस्ट पास.

सीमेवरचा घोळ किती महाग पडतो, ते १९९९ साली नासाने पाहिलं. एक सॉफ्टवेअर पाउंडात आकडे देत होतं, दुसरं ते न्यूटनमधले समजून वापरत होतं. मंगळाजवळ पोचलेलं यान गेलं.

आपल्याकडे यान जात नाही, नाव जातं. यादीत अर्धं नाव छापलं गेलं, की खिडकीपलीकडून उत्तर येतं, "कॉम्प्युटरमध्ये असंच आहे." हेलपाटे मात्र त्या माणसाने घालायचे. ज्याला बाइट म्हणजे काय हे माहीत असण्याचं काही कारण नाही, त्याने ही किंमत का मोजावी?

म्हणून माझं मत सरळ आहे. दोन भाषा खुशाल जोडा, पण पहिली टेस्ट जोडावर लिहा. तीही जोडाक्षरं असलेल्या, लांबलचक मराठी नावांनी. विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालवून बघा, कारण सीचा लाँग ६४-बिट विंडोजवर चार बाइटांचा आणि ६४-बिट लिनक्सवर आठ बाइटांचा असतो. आणि मागितलेली मेमरी परत कोण करणार, हे आधीच लिहून ठेवा.

दोन्ही गाड्या उत्तम आहेत हो. प्लॅटफॉर्मवर माणूस नेमा, एवढंच म्हणणं आहे.