परवान्याचे ओझे कमी कसे होईल?

सरकारचा पसारा वाढला, जिकडेतिकडे परवाने झाले, ही तक्रार पेढीवर, बाजारात व वकिलाच्या ओटीवर नित्य ऐकू येते. तक्रार खोटी नाही. परंतु ती सहीनिशी लिहून आपल्या आमदाराकडे किती जणांनी पाठविली, असे विचारले की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. मग सरकार हातातला अधिकार आपण होऊन सोडील काय?

मोलगीचेच उदाहरण घ्या. सातपुड्यातल्या या बाजारगावाच्या भोवतालचा आदिवासी उन्हाळ्याच्या तोंडी मोहाची फुले वेचतो. पिढ्यान्‌पिढ्या हेच त्याचे अन्न व हीच त्याची रोकड. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली या फुलांचा साठा, वाहतूक व विक्री परवान्यांनी बांधली गेली. ही बंधने राज्य सरकारने सैल केली ती २०२१ साली, म्हणजे बहात्तर वर्षांनी! आता दुसरी बाजू पाहा. २०१० पासून महानगरपालिकांच्या हद्दीत लागू होत गेलेल्या स्थानिक संस्था कराविरुद्ध व्यापाऱ्यांनी एकच मागणी धरली, बंद पाळले, निवेदने दिली. १ ऑगस्ट २०१५ रोजी पन्नास कोटींच्या आतील उलाढालीवरचा तो कर उठला. मोह वेचणाऱ्याचे गाऱ्हाणे व्यापाऱ्याच्या गाऱ्हाण्याहून कमी खरे होते काय? मुळीच नाही. त्याच्यापाशी संघटना नव्हती, वकील नव्हता आणि अर्ज लिहिणारा हात नव्हता, हाच मुख्य भेद.

येथे एक खुलासा अवश्य आहे. सरकार आटोपशीर असावे म्हणजे मोलगीच्या रुग्णालयातला डॉक्टर किंवा पाड्यावरचा गुरुजी कमी करावा, असे आमचे म्हणणे नाही. कमी व्हावयास हवा तो शिक्का, दाखला आणि हेलपाटा. स्वतःच्या शेतातला साग तोडावयासही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी काढावी लागते. असे नियम कोठवर ठेवावयाचे, हा खरा प्रश्न आहे.

उपाय खर्चाचे नाहीत. पहिला, मागणी एकच व नेमकी असावी. ‘जाच थांबवा’ असे न लिहिता अमुक कायद्याचे अमुक कलम बदला, असे लिहावे. दुसरा, पुरावा जमवावा. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली दहा रुपये भरून, किती अर्ज आले व किती पडून राहिले हे विचारता येते; उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. तिसरा, ग्रामसभेचा ठराव करावा. अक्कलकुवा तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, आणि १९९६ च्या पेसा कायद्याने गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेकडे मानली आहे. तेव्हा त्या बाबतीत तिचा ठराव ही नुसती विनंती नव्हे, ते मालकाचे म्हणणे होय. चौथा, वेळ साधावी. अधिवेशनाच्या महिना-दीड महिना आधी आमदारास गाठून तारांकित प्रश्न द्यावयास सांगावे, विनंती अर्ज त्याच्या हस्ते सभागृहात मांडवावा, आणि नव्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध होताच मुदतीत हरकत नोंदवावी.

ठराव दप्तरातच कुजतो असे म्हणणाऱ्यांनी गडचिरोलीतले मेंढा (लेखा) आठवावे. त्या गावाने पाठपुरावा सोडला नाही, म्हणून २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक पासाचे पुस्तक, मुख्यमंत्री व केंद्रीय मंत्री यांच्या समक्ष, वनखात्याकडून ग्रामसभेच्या हाती आले.

हा मार्ग आपल्यास नवाही नाही. १८७० साली पुण्यास सार्वजनिक सभा निघाली, तेव्हा सुमारे सहा हजार लोकांनी मुखत्यारपत्रे लिहून देऊन ९५ प्रतिनिधी नेमले होते. हाती मत नसताना त्यांनी एवढे केले. आपल्या हाती तर मत आहे.

राज्याच्या २८८ मतदारसंघांच्या यादीत अक्कलकुव्याचा क्रमांक पहिला लागतो. तो अर्जांतही पहिला का नसावा? अक्कलकुवा व मोलगीच्या व्यापाऱ्यांना आमची एवढीच सूचना आहे की, पुढचा अर्ज लिहिताना मोह वेचणाऱ्या बाईच्या अंगठ्याला आपल्या सहीच्या वर जागा ठेवावी. तिचे ओझे उतरविल्यावाचून तुमचेही फार काळ हलके राहणार नाही.