आपला आमदार कोण?

नागरिकशास्त्राच्या तासाला एका मुलाने आम्हांला विचारले, "सर, मुश्रीफसाहेब आपल्या लोकांच्या मतांवर निवडून येतात ना?" आम्ही फळ्यावर सालं लिहिली: १९९९, २००४, २००९, २०१४, २०१९, २०२४. कागलमधून सलग सहा विजय.

कागलमध्ये मुस्लिम मतदार थोडे. तेवढ्या मतांवर आमदारकी मिळत नाही. शेतकरी, मजूर, निराधार पेन्शनवाल्या म्हाताऱ्या, सगळ्यांची मते लागतात. रुग्णांना मुंबईच्या मोठ्या इस्पितळांत उपचार मिळवून देणारा आमदार, ही हसन मुश्रीफ यांची ओळख त्यातूनच झाली. २०२४ मध्ये समोर कागलच्या राजघराण्यातील समरजितसिंह घाटगे होते. तरी ते सुमारे साडेअकरा हजार मतांनी जिंकले.

पण धडा इथे संपत नाही. सदाशिवराव मंडलिकांच्या तालमीत ते घडले, पुढे त्यांच्याशीच बिनसले. वर्षानुवर्षे शरद पवारांचे निष्ठावंत म्हणवले, २ जुलै २०२३ ला अजित पवारांसोबत जाऊन मंत्री झाले. असे का, हे मतदाराने विचारायला हवे.

विधानसभेच्या २८८ आमदारांत मुस्लिम अवघे दहा. म्हणून घराघरांत आपण म्हणतो, "जाऊ दे, आपला माणूस आहे." हीच आपली चूक. कागलच्या शेतकऱ्याने मत देताना नाव पाहिले नाही, काम पाहिले. मग हिशेब मागताना आपणच नाव का पाहावे?

आज दस्तरखानावर मुलांना एवढे जरूर सांगा.