रिपोर्ट दुखत नसतो

'मणक्यात गॅप आलीय.' आमच्या ऑफिसात हे वाक्य महिन्यातून एकदा तरी कानावर पडतंच. सांगणारा बहुधा तिशीच्या आतला, कमरेला पट्टा, फोनमध्ये एमआरआयची पीडीएफ. 'एल४-एल५ला बल्ज' हे तो रक्तगट सांगावा तसं सांगतो, म्हणजे आता यात बदल नाही. मग एकेक गोष्ट सुटत जाते. आधी जिम, मग राजगड-तोरणा, मग खाली वाकणंच. एका सहकाऱ्याने तर तीन वर्षांच्या मुलीला उचलून घेणं बंद केलंय. उचलल्यावर दुखतं म्हणून नव्हे, रिपोर्टात लिहिलंय म्हणून.

माझं भांडण रिपोर्टशी नाही. जे दिसलं ते लिहिणारा तो प्रामाणिक कागद आहे. भांडण आहे ते एका समजुतीशी: जितकं बिघडलंय तितकंच दुखतं, आणि दुखतंय म्हणजे नक्की काहीतरी बिघडलंय. ही समजूत पेशंटची असते तशी पुष्कळदा डॉक्टरांचीही असते.

१९९४ साली अमेरिकेत पाठ अजिबात न दुखणाऱ्या ९८ लोकांचे एमआरआय काढले. निम्म्याहून जास्त लोकांच्या, ५२ टक्के, किमान एका चकतीत बल्ज निघाला. २०१५ साली अशाच ३३ अभ्यासांतल्या, दुखणं नसलेल्या ३,११० माणसांची आकडेवारी एकत्र केली गेली. विशीतल्या ३० टक्के लोकांत बल्ज, ऐंशीतल्या ८४ टक्क्यांत. केस पांढरे होतात त्याच चालीने चकत्याही जुन्या होतात. पांढऱ्या केसांना कुणी पट्टा बांधत नाही.

उलटं उदाहरण १९९५ सालच्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमधलं. २९ वर्षांच्या एका बांधकाम कामगाराने उडी मारली ती पंधरा सेंटिमीटरच्या खिळ्यावर. खिळा बुटाच्या वरून बाहेर आलेला. जरा हलवलं तरी असह्य कळा, म्हणून गुंगीचं औषध द्यावं लागलं. बूट काढला, तर खिळा दोन बोटांच्या मधून गेला होता. पायाला ओरखडाही नाही. तो नाटक करत नव्हता. त्याच्या मेंदूने डोळ्यांनी पाहिलेला पुरावा धरून निकाल दिला होता.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांना हे सांगावं लागू नये. रात्री तीनला वाजणारा अलर्ट म्हणजे बिघाड नव्हे. कुणीतरी ठरवलेल्या मर्यादेपलीकडे काहीतरी गेल्याचा तो अंदाज असतो. शरीरातही इजेच्या शक्यतेचा संदेश मज्जारज्जूत पोचतो, आणि तिथे तो जशाच्या तसा पुढे जात नाही. मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५मध्ये तिथल्या 'दरवाजा'ची कल्पना मांडली: मेंदूकडून खाली येणारे संदेश आणि स्पर्शाचे संदेश हा दरवाजा कमीजास्त उघडतात. (लागलेल्या जागी आपण आपसूक चोळतो ते उगाच नाही.) १९८३मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी दाखवलं की संदेशांचा मारा झाला की मज्जारज्जूतल्या पेशीच जास्त हळव्या होतात. म्हणजे मर्यादा खाली सरकते. मग साधा स्पर्शही टोचतो. अपुरी झोप, भीती, ताण याही गोष्टी हा हळवेपणा वाढवू शकतात. 'आता आयुष्यभर जपा' हे वाक्य त्यात तेलच ओततं.

आता याच समजुतीची दुसरी बाजू. माझ्या आईचे खांदे, मान, पोटऱ्या दोन वर्षं दुखतायत. रक्त नॉर्मल, एक्सरे नॉर्मल. 'काकू, रिपोर्ट छान आहेत, मन कशात तरी रमवा.' तीस वर्षं पहाटे उठून डबे करणारी बाई घरी येऊन विचारते, 'म्हणजे मी सोंग करते का रे?' दुखणं मज्जासंस्थेत घडतं, ते कल्पनेत घडत नाही, एवढं एक वाक्य तिला कुणीही म्हटलं नाही. बायकांच्या वाट्याला हे 'मन रमवा' फारच सहज येतं.

तिला विचारलं काय, तर दहापैकी किती दुखतं. ती गप्प. आपल्याकडे ठणका आहे, सणक आहे, चमक, कळ, रग, शिणक, ठसठस, उसण आहे. रग अंग मोडून आल्याची, सणक एकदम आरपार जाणारी. पहिलीला सहा म्हणा, दुसरीलाही सहा म्हणा, तपासणाऱ्याच्या हाती काय लागलं? याच मेलझॅकने १९७५ साली दुखण्याचे ७८ इंग्रजी शब्द वीस गटांत लावून प्रश्नावली केली होती. आमच्याकडे शब्द आयते आहेत, विचारणारा नाही.

एमआरआय काढूच नका, असं मी म्हणत नाही. पायातली ताकद जाणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, जांघेत बधिरपणा, ताप, कारण नसताना वजन उतरणं, जोराचा मार लागणं, यांपैकी काही असेल तर हा लेख बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठा. बाकीच्यांना पट्ट्यापेक्षा हळूहळू वाढवत नेलेली हालचाल बहुधा जास्त उपयोगी पडते.

मग रिपोर्टाखाली एक ओळ छापावी का, की असा बल्ज न दुखणाऱ्यांतही सापडतो? अमेरिकेत दोन लाखांहून अधिक रुग्णांवर तेही करून पाहिलं. २०२०मध्ये निकाल आला: पाठीवरच्या एकूण तपासण्या-उपचार घटले नाहीत, अफूवर्गातली वेदनाशामकं तेवढी किंचित कमी लिहिली गेली. छापील ओळ पुरत नाही, समोर बसून सांगावं लागतं. एमआरआयचे हजारो रुपये आम्ही मुकाट मोजतोच. त्याच बिलात 'समजावून सांगणे, पंधरा मिनिटे' अशी वेगळी रक्कम लावा. देतो.