संकल्पाला साक्षीदार हवेत

नाशिकच्या रामकुंडावर संकल्प सोडताना स्थळ, तिथी, नाव आणि गोत्र यांचा स्पष्ट उच्चार होतो. संकल्प मनातल्या मनात ठेवायचा नसतो, हेच ही परंपरा सांगते. धूम्रपान सोडू इच्छिणारे मात्र बहुधा गुपचूप ठरवतात आणि गुपचूपच मोडतात.

२ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास देशभर बंदी आहे. परंतु कायदा घराच्या उंबरठ्याशी थांबतो. पुढचे कार्य कुटुंबाचे. सोडण्याची तिथी आधी ठरवावी, ती घरच्यांना व मित्रांना सांगावी, काड्यापेटी, लायटर आणि उरलेली पाकिटे आदल्या दिवशीच घराबाहेर काढावीत. निकोटिनची तल्लफ बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ सोबत करणारा कोणी हवा. सुरुवातीच्या दिवसांतील चिडचिड घरच्यांनी समजून घ्यावी. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर विनामूल्य समुपदेशनही मिळते.

शाखेत न दिसलेल्या स्वयंसेवकाच्या घरी जाऊन विचारपूस करण्याची संघाची रीत आहे. संकल्प मोडलेल्याच्या दारीही कार्यकर्त्यांनी त्याच आपुलकीने जावे. उपदेश टाळावा आणि त्याच्यासोबत बसून नवी तिथी ठरवावी.