पाय धुताना

पवित्र गुरुवारी प्रभूच्या आज्ञेस स्मरून पाय धुण्याचा विधी आम्ही दरवर्षी करतो. इंदूरजवळील आमच्या धर्मग्रामात गतवर्षी एका वृद्ध शेतकरी बंधूंच्या तळव्यास हात लागताच आम्ही थबकलो. अंगठ्याखाली बाभळीचा काटा मोडून राहिला होता व भोवती पू साचला होता. "दुखत नाही का, बाबा?" आम्ही हळूच विचारले. "नाही फादर, कळलेसुद्धा नाही," ते उत्तरले. त्यांना मधुमेह होता.

दुखत नाही म्हणजे सारे ठीक आहे, हा समज येथे घात करतो. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली म्हणजे मज्जातंतू व त्यांना पोसणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडतात. पायांचे मज्जातंतू सर्वांत लांब, म्हणून आरंभ बहुधा बोटांपासून होतो. पुष्कळांना आधी मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते व पुढे बधिरता येते. मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांची सेवा करणाऱ्या संत डेमियन यांनी १८८४ साली कढत पाण्यात पाय घातला, तरी त्यांना चटका जाणवला नाही. रोग निराळा, परंतु बधिर पायाचा धोका तोच.

गेलेली संवेदना बहुधा पूर्ण परतत नाही; तथापि साखर ताब्यात ठेवल्यास ऱ्हास मंदावतो. आग शमविणारी औषधे आहेत, ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. वर्षातून एकदा पायांची संवेदना तपासून घ्यावी. अनवाणी फिरू नये. वहाणा झटकून घालाव्यात. पाय कोमट पाण्याने धुवावेत, परंतु पाण्याची ऊब दुसऱ्याने हाताने पाहावी. बोटांमधील जागा कोरडी ठेवावी. कुरूप घरी पात्याने कापू नये. तंबाखू व विडी सोडावी.

कोणी अनवाणी यात्रेचा नवस केला असेल, तर त्यांनी आपल्या धर्मगुरूंना भेटावे. तो नवस दुसऱ्या सत्कृत्यात बदलून देण्याचा अधिकार त्यांना आहे. देवाने दिलेले शरीर जपणे हीही भक्तीच होय.

त्या बंधूंना आम्ही त्याच रात्री रुग्णालयात नेले. अंगठा गमवावा लागला, पाय वाचला. ज्या घरी मधुमेही वडीलधारे आहेत, तेथे रोज रोझरीपूर्वी मुलानातवंडांनी त्यांचे तळवे दिव्याखाली पाहावेत. एकमेकांचे पाय धुवा, असे प्रभूने सांगितले, ते केवळ वर्षातील एका दिवसापुरते नव्हे.